अनुबिसच्या तराजूखाली माझी सही

तुमचं हृदय बाहेर काढून तराजूत ठेवलं आणि 'या माणसाने आयुष्यभर काय केलं?' असं त्यालाच विचारलं, तर ते तुमच्या बाजूने बोलेल का?

हा प्रश्न मी रचलेला नाही. प्राचीन इजिप्तमधली माणसं तो मनात घेऊनच मरत होती. त्यांची समजूत अशी, की मेलेला माणूस एका मोठ्या दालनात जाऊन उभा राहतो. तराजूच्या एका पारड्यात त्याचं हृदय, दुसऱ्या पारड्यात एक पीस. पीस मात या देवीचं. मात म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची नीट बसलेली घडी. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजूचा काटा बघतो. लांब चोचीच्या पक्ष्याचं डोकं असलेला थोथ लेखणी घेऊन निकाल लिहितो. समोर सिंहासनावर हिरव्या चेहऱ्याचा ओसायरिस. त्याचा सख्ख्या भावानेच खून केला होता, तुकडे करून फेकले होते, आणि आयसिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते गोळा करून त्याला पुन्हा उभं केलं होतं. आणि तराजूच्या पायाशी बसलेली अम्मित: मगरीचा जबडा, सिंहाचं पुढचं अंग, पाणघोड्याचं मागचं. हृदय जड निघालं की ती ते खाते. नरक नाही, पुनर्जन्म नाही. माणूस खलास. जणू तो कधी नव्हताच.

हे मला इतकं बारकाईने माहीत आहे, कारण ते दालन मी बांधलंय. आखातातल्या रास अल खैमा या शहरातल्या एका शेडमध्ये, थर्माकोल आणि सिमेंटचं. अम्मितचे दात माझ्या हातचे आहेत. आणि त्या तराजूखाली माझी एक सही आहे, जी कोणाला दिसत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी रंजक लिहा' म्हणून सांगितलं. रंजक भाग आधी लिहिते. मग सहीचं लिहिते.

आमच्या धंद्याला ऑफिसात 'थीमिंग' म्हणत. कामगार 'खोटा दगड' म्हणत, आणि तेच खरं नाव आहे. मॉलमधली गुहा, हॉटेलातला धबधबा, पार्कमधला किल्ला, हे सगळं आम्ही करायचो. मूर्ती हलकी हवी असेल तर थर्माकोलचा ठोकळा तापलेल्या तारेने कापायचा, सुरीने कोरायचा, वर कडक थर फवारायचा, मग रंग. हात लागणार, धक्के बसणार असं काही असेल, खांब, पायऱ्या, भिंती, तर जीआरसी. म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि काचेचे धागे यांचं मिश्रण साच्यात फवारायचं. सुकलं की जोड कापायचे, कडा घासायच्या. खरा दगड वाटावा म्हणून वर मुद्दाम चरे पाडायचे. हे शेवटचं काम ग्राइंडरने होतं आणि त्यातून जी धूळ उठते ती पिठासारखी असते. मऊ, पांढरी, हलकी. हातावर घेतली तर छान वाटते.

मी तिथे डिझाइन सुपरवायझर होते. सांगलीत माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. मोर्चा, संप, अंधश्रद्धेविरुद्धची सभा, या सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे छापली जात. मी वाचायला शिकले ती पुस्तकांवरून नाही, वाळत घातलेल्या पत्रकांवरून. कोणी म्हणालं, 'खाली नाव नको, भानगड होईल', की वडील कागद परत करत. "नाव नसलेला कागद म्हणजे पाठीमागून मारलेला दगड," म्हणत. त्यांच्या मुलीने आखातात जाऊन देव बनवावेत हा विनोद त्यांना फोनवर पुरत असे. "किती देव झाले आज?" ते विचारत. "आज तीन, बाबा. एक मुंडकं उद्या."

शेडमधले सर्वांत जुने कारागीर युसूफचाचा. दापोलीकडचे. बावीस वर्षं आखातात, आधी संगमरवर कापायच्या कारखान्यांत, मग आमच्याकडे. मूर्तीचा चेहरा त्यांच्याशिवाय कोणाला जमत नसे. मला ते सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणत आणि एकटे असले की 'मेधाबाय'.

पहिल्या अनुबिसचं डोकं ते कोरत होते तेव्हा मी मुद्दाम खोचक विचारलं, "चाचा, मूर्ती घडवणं तुमच्यात चालतं का?"

"मूर्ती कुठं हाय गो? थर्माकोल हाय."

"उद्या याला देव म्हणतील."

"कोन म्हनंल? ह्याचा शेवटचा भक्त मेला त्याला किती जमाना झाला. भक्त नाय तर देव कसला? हे कोल्ह्याचं मुंडकं, बास." मग सुरी थांबवून म्हणाले, "पन डोळं मी नाय करनार हां. डोळं तू कर."

आणि खरंच, त्या प्रकल्पातल्या एकाही मूर्तीचे डोळे त्यांनी केले नाहीत. ससाण्याच्या तोंडाचा होरस, आयसिस, मांजरीच्या तोंडाची बास्टेट, सगळे आंधळे माझ्या टेबलावर यायचे. मी डोळे भरायचे. शेडमधली पोरं म्हणत, "मॅडम का आय हॉस्पिटल."

प्रदर्शन दुबईत लागणार होतं. देव बरोबर आहेत का हे तपासायला क्लायंटने एक इजिप्शियन बाई नेमल्या होत्या, डॉक्टर नाहिद. कैरोत शिकवून निवृत्त झालेल्या, मुलाकडे शारजात राहणाऱ्या. काळा चष्मा, हातात थर्मास. इंग्रजी आमच्यासारखंच तोडकं बोलत, म्हणून आमचं छान जमलं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्ताहच्या मूर्तीवर हात ठेवला. प्ताह हा कारागिरांचा देव. त्याने जग हाताने घडवलं नाही. आधी हृदयात आणलं आणि मग जिभेने उच्चारलं, अशी तिथली एक कथा. नाहिद म्हणाल्या, "बघ हबीबती, बाळा, यांच्यासाठी विचार करायची जागा डोकं नव्हे, हृदय. प्रेत टिकवताना मेंदू नाकातून ओढून फेकून देत. हृदय मात्र आतच ठेवत."

"का?"

"साक्षीदार आहे ना तो."

मी नास्तिकाची मुलगी. देवांची भीती मला वाटत नाही, पण चांगल्या हिशेबी देवाचा आदर वाटतो. नाहिदनी सांगितलं की त्या दालनात बेचाळीस न्यायाधीश बसलेले असत आणि मेलेल्याने त्यांच्यापुढे न केलेली पापं म्हणून दाखवायची असत. मी चोरी केली नाही. मी मापात खोट केली नाही. मी कोणाला रडवलं नाही. आणि त्यात एक असंही होतं, की मी माणसांना दिवसाच्या कामापेक्षा जास्त काम लावलं नाही.

मी खुर्चीतून उठलेच. "हे भिंतीवर हवं! मोठ्या अक्षरात!"

मी पॅनल तयार केलं. क्लायंटच्या मार्केटिंगवाल्या मुलीने ते ईमेलवर परत पाठवलं. 'नाही, नाही' फार येतंय, पाहुण्यांना निगेटिव्ह फील येतो. शेवटी भिंतीवर लागलं ते एवढंच: मी दयाळू होतो.

तिच्या सूचना थोर असत. अम्मित थोडी क्यूट करा, मुलं घाबरतील. ओसायरिसचा हिरवा रंग आजारी वाटतो, सोनेरी चालेल का? (ओसायरिस मेलेला आहे, असं नाहिदनी कळवलं.) आणि सगळ्यात मोठी सूचना तराजूबद्दल. दालनाच्या मध्यभागी माणसाएवढा तराजू होता. पाहुण्याने एका दगडी हृदयावर हात ठेवायचा, आतल्या यंत्राने पारडी हलायची, आणि निकाल यायचा. आम्ही आधी असं बसवलं होतं की दहातला एखादा नापास होईल. अम्मितचे डोळे लाल होतील, गुरगुरण्याचा आवाज येईल. मुलांना तेच आवडलं असतं.

मीटिंग झाली. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर राजवाडे सर, मूळ पुण्याचे, मितभाषी, कामाला पक्के. ते बाहेर येऊन म्हणाले, "मेधा, कोणी फेल नको म्हणतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे पास. पाहुणा तिकीट काढून येतो, त्याला नापास कसं करायचं? सेन्सर काढून टाका. हात ठेवला की पीस जड, हृदय हलकं. ग्रीन लाइट."

"मग तराजू कशाला?"

"फोटोसाठी," सर म्हणाले. त्यांनाही हसू आलं होतं. मीही हसले. हे मी लक्षात ठेवलंय. त्या दिवशी मी हसले होते.

आता न हसण्याचा भाग.

प्रत्येक कारखान्यात सकाळी काम सुरू होण्याआधी पाच मिनिटांचं एक बोलणं असतं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आज कुठलं यंत्र, धोका काय, तोंडाला काय लावायचं. बोलणाऱ्याने बोलायचं, ऐकणाऱ्यांनी एका कागदावर सह्या करायच्या, आणि बोलणाऱ्यानेही खाली सही करायची. नियम चांगला आहे. माणसाचा जीव वाचावा म्हणूनच कोणीतरी तो केला असणार.

आमच्याकडे ते कागद शनिवारी भरत. रविवारी सुट्टी, म्हणून शनिवारी जेवणानंतर आठवड्याचे सहा कागद एकावर एक ठेवून फिरवायचे. माणसं उभ्याउभ्या सहा सह्या करायची, पुढच्याला द्यायची. सगळ्यात शेवटी, 'टॉक घेणार' या रकान्यात, माझी सही. सहा वेळा. 'विषय: सिलिका धूळ. मास्क: फिल्टरवाला, दिला व तपासला.' हे आधीच छापलेलं असायचं. सिलिका म्हणजे वाळूतली गारगोटी; तिची धूळ फुप्फुसात शिरली की बाहेर निघत नाही.

आठवड्यातून एखादा टॉक मी खरंच घेत असे. बाकीचे पाच नाहीत. फिल्टरवाले मास्क प्रकल्पाच्या सुरुवातीला आले होते. फिल्टर महिन्याभरात भरले, नवे मागवायचे राहिले. मग पेटीतून साधे कागदी मास्क वाटले जाऊ लागले, जे सर्दीला लावतात. मी दोनदा ईमेल केली. तिसऱ्यांदा केली नाही, कारण तोपर्यंत बेचाळीस खांब द्यायचे होते आणि त्यातले एकवीस झाले होते. शेडला छप्पर होतं, पंखे होते, आणि पंखे ती मऊ पांढरी धूळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नीट वाटून देत होते.

मी, जिने पत्रकांवरून अक्षरं गिरवली, तिने ज्या कागदावर लिहिलेलं खरं नव्हतं अशा कागदाखाली नाव घातलं. आठवड्यामागून आठवडे. हे कोणी जबरदस्तीने करून घेतलं नाही. सगळीकडे असंच चालतं, एवढंच मला माहीत होतं, आणि तेवढं मला पुरलं.

युसूफचाचांचा खोकला सगळ्यांना पाठ झाला होता. आधी सकाळचा, मग जिन्यावरचा, मग बोलतानाचा. दुबईच्या करामा भागातल्या एका दुकानातून ते कसलं तरी काढ्याचं औषध आणत. मी विचारलं की म्हणत, "एसीची हवा गो."

त्याच सुमारास नाहिदनी एका काचपेटीसाठी हृदयाचे भुंगे मागवले. हा एक छोटा दगडी भुंगा, तळहातात मावेल असा. प्रेताच्या छातीवर, हृदयाच्या जागी ठेवत. पोटाच्या बाजूला मजकूर कोरलेला. चाचांनी नमुन्याचा भुंगा हिरव्या दगडात हाताने कोरला. मजकूर मी कागदावर काढून दिला होता.

"काय लिवलाय ह्यावर?" त्यांनी विचारलं.

मी नाहिदनी सांगितलेलं सांगितलं. माणूस स्वतःच्याच हृदयाची विनवणी करतोय, की तराजूपुढे माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. न्यायाधीशांसमोर माझ्याविरुद्ध बोलू नकोस.

चाचांनी भुंगा उलटा करून पाहिला. मग त्यांना असं हसू आलं की खोकल्याची उबळच आली, ते टेबलाला धरून वाकले. पाणी प्यायले, डोळे पुसले.

"म्हंजे मेल्यावर पन सेटिंग!" ते म्हणाले. "वा रे वा. आपल्यापेक्षा पुढं होती मानसं."

चुकलेला एक भुंगा, ज्याचा पाय तुटला होता, त्यांनी मला दिला. "ठेव तुला. लागंल कधी तरी."

व्हिसाच्या नूतनीकरणाला छातीचा एक्स-रे काढावा लागतो. चाचांच्या एक्स-रेत डाग दिसले. पुढच्या तपासण्या सांगितल्या गेल्या. कंपनीने तपासण्यांची वाट पाहिली नाही, तिकीट काढलं. चार दिवसांत त्यांना गावी परत पाठवलं. फाईलवर 'टीबीची शंका' एवढं होतं. आणि ऑफिसात, खोटं कशाला बोलू, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टीबी म्हणजे त्याचा आजार. घरून आणलेला. शेडचा नाही.

जाताना चाचा शेडमध्ये आले. थोथ अजून टेबलावर होता, बिनडोळ्यांचा. त्यांनी त्याच्या चोचीवरची धूळ बोटाने पुसली.

"ह्याचं डोळं ऱ्हायलं बघ."

"करते मी, चाचा. तुम्ही औषध नीट घ्या. इन्शाल्ला, बरे होऊन परत याल."

"लिवनारा देव हाय ना हा? मग चांगलं कर. नीट दिसूदे त्याला."

दोन आठवड्यांनी राजवाडे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. क्लायंटच्या ऑडिटला एक निवेदन हवं होतं. पूर्ण प्रकल्पभर सदर कामगारास रोज प्रशिक्षण दिलं, योग्य मास्क दिला, वापराची खात्री केली. खाली माझी सही.

"सर, हे तसं झालेलं नाही."

"तुझेच तर कागद आहेत." आवाज चढवलेला नव्हता. "बघ, मी काही वेगळं मागत नाहीये. जे तू दर शनिवारी लिहिलंस तेच एका पानावर. फाईल क्लोज होईल. नाही झाली तर शेड थांबेल. ओपनिंगला वीस दिवस आहेत. बाहेर पन्नास माणसं आहेत, त्यांचे व्हिसा याच कामावर आहेत. त्यांचा विचार कर."

मी त्यांचाच विचार केला. म्हणजे तसं स्वतःला सांगितलं. लहानपणापासून वाचलेले सगळे मोठे शब्द माझ्या मदतीला धावून आले. पन्नासांसाठी एक. सामूहिक हित. मी त्या सहीला एकजूट असं नाव दिलं आणि सही केली. सरांनी 'थँक्स, मेधा' म्हटलं. शिक्का मारला.

मग टेबलावर येऊन मी थोथचे डोळे केले. चांगले झाले. आजवरचे सर्वांत चांगले.

प्रदर्शन सुरू झालं त्या दुपारी आम्हा सगळ्यांना आत सोडलं. खांबांच्या रांगा, वर निळं आभाळ, कुठून तरी बासरी. खरंच सुंदर होतं, यात मला खोटी नम्रता दाखवायची नाही. राजवाडे सरांची शाळकरी मुलगी अम्मितच्या गळ्यात पडून फोटो काढत होती. "शी इज सो क्यूट, मम्मा!" पाहुणे तराजूपाशी रांगेत होते. हात, पारडं, हिरवा दिवा, टाळ्या.

माझी पाळी आली. मी दगडी हृदयावर हात ठेवला. यंत्र घुर्र झालं. पीस खाली गेलं, हृदय अलगद वर. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की माझं हृदय शुद्ध आहे, शाश्वत जगात माझं स्वागत आहे.

समोर थोथ उभा होता. मीच केलेले डोळे. मागचा माणूस म्हणाला, "यल्ला, मॅडम, आगे बढो."

मी पुढे सरकले. म्हणजे त्या दिवशीही मी काही केलं नाही. हे लिहिणं भाग आहे, कारण अशा लेखांत माणसाला देवाच्या मूर्तीपुढे साक्षात्कार होतो आणि तो लगेच बदलतो. मला सात महिने लागले.

सात महिन्यांनी चाचांच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. ती दापोलीत शिक्षिका आहे. शांत बोलत होती. अब्बूंना टीबीच्या गोळ्यांचा एक कोर्स झाला, गुण नाही. आता दुसरा चालू आहे. गोळ्यांनी काविळीसारखं झालंय, अन्न जात नाही. थुंकीत जंतू काही सापडत नाहीत. "रत्नागिरीचे नवीन डॉक्टर विचारतायत की हे कुठल्या धुळीत काम करत होते का. अब्बू म्हणतात, थर्माकोलचं काम होतं. ते सांगतच नाहीत, ताई. कंपनीला मी तीन मेल केल्या. त्यांनी तुमच्या सहीचा कागद पाठवलाय. त्यात लिहिलंय की फिल्टरवाला मास्क रोज होता. डॉक्टर म्हणाले, असं असेल तर धुळीची शक्यता कमी. ताई, मला फक्त खरं काय ते लिहून द्या. कसली धूळ, किती वर्षं. दुसरं काही नको आम्हाला."

मी म्हटलं, उद्या देते.

सकाळी मी राजवाडे सरांकडे गेले. कंपनीच्या कागदावर खरं पत्र द्या, म्हटलं. त्यांनी फाईल उघडून माझं निवेदन समोर ठेवलं.

"मेधा, एक निवेदन आपण दिलंय. त्याच्या उलट दुसरं कसं देणार?"

"पहिलं खोटं होतं म्हणून."

"मग तू खोटं का लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. साधा प्रश्न होता. मी माझ्या टेबलाशी परत आले. चाचांनी दिलेला तो भुंगा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. माझ्या लक्षात आलं की तो मला कधीच लागला नव्हता. माझी छाती मी शनिवारच्या कागदांनी झाकली होती. साक्ष देऊ नकोस असं हृदयाला सांगायला आम्हाला हिरवा दगड कोरावा लागत नाही. आमच्याकडे छापील फॉर्म असतो.

मी साध्या कागदावर पत्र लिहिलं. जीआरसीमध्ये वाळू असते, ती कापताना आणि घासताना जी धूळ उडते ती कशाची असते. चौदा महिने, रोज किती तास. फिल्टर कधी संपले, त्यानंतर कुठले मास्क वाटले. त्याआधीची वीसहून जास्त वर्षं ते संगमरवर आणि इतर दगड कापायच्या कारखान्यांत होते. आणि शेवटी: यापूर्वी माझ्या सहीने गेलेलं निवेदन खोटं आहे, टूलबॉक्स टॉकचे कागद आठवड्यातून एकदा एकत्र भरले जात, ते मीच भरत होते. खाली पूर्ण नाव, पासपोर्टवर आहे तसं. एक प्रत शबानाला, एक राजवाडे सरांच्या टेबलावर.

नोकरी त्या आठवड्यात गेली. त्याचं दुःख मी इथे विकणार नाही. मी आता करामात एका साईनबोर्डच्या दुकानात अक्षरं काढते आणि शारजात अल मजाजला दोन मैत्रिणींबरोबर राहते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, त्याचं कारण भीती एवढंच नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, तो एक कारखाना वाईट होता. तो वाईट नव्हता. तिथे शुक्रवारी सगळ्यांना बिर्याणी मिळायची.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, छातीचे नव्याने फोटो काढले, टीबीच्या गोळ्या थांबवल्या. धुळीने फुप्फुसं दगडासारखी झाली होती. हे बरं होत नाही. पण निदान चुकीची औषधं तरी थांबतात, ऑक्सिजन योग्य वेळी लागतो. डॉक्टर शबानाला म्हणाले, हे आधी कळलं असतं तर यकृत वाचलं असतं. आधी म्हणजे केव्हा, ते मी मोजू शकते. ते माझे सात महिने. फुप्फुसातली सगळी धूळ माझी नाही, तिच्यात बावीस वर्षांचे मालक आहेत. यकृत माझ्या वाट्याचं आहे.

चाचांनी एकदा व्हॉइस मेसेज पाठवला. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "मेधाबाय. कागद वाचून दाखवला. पोरीनं. नाव घातलंस. पुरं. बरं केलंस." मग बराच वेळ नुसता ऑक्सिजनचा आवाज. मग, "थोथाचं डोळं. झालं काय?"

मी उत्तर पाठवलं, झाले. ते त्यांनी ऐकलं की नाही, शबानाला सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

प्रदर्शन अजून चालू आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. तुम्ही दुबईत असलात तर जालही. जा, खांब नीट बघा. दगड वाटावा म्हणून त्यांच्यावर जे चरे पाडलेत, तेच बघा. आणि तराजूवर हात ठेवून स्वतःचा निकाल बघू नका. तो ठरलेला आहे.

त्याऐवजी एक काम करा. तुमच्या घरातलं, वाडीतलं, ओळखीतलं कोणीतरी आखातात किंवा आणखी कुठे दगड, टाइल, सिमेंट, काच कापत असेल. त्याला आज फोन लावा. तब्येत कशी आहे असं विचारू नका. तो 'मस्त' म्हणेल. विचारा: काय कापतोस? दिवसाचे किती तास? तोंडाला काय बांधतोस, आणि त्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला? तो हसेल, विषय बदलेल, एसीची हवा म्हणेल. पुन्हा विचारा. जे सांगेल ते तारखेसकट एका कागदावर लिहा, कारखान्याचं नाव लिहा, आणि तो कागद घरात अशा जागी ठेवा की पहिल्या खोकल्याला डॉक्टरच्या टेबलावर जाईल.

खाली तुमचं नाव घाला.